महाराजांच्या गाडीची खडखड

एका जंगलात एक वाघ होता आणि त्याला चालायचा भारी कंटाळा होता.

आता वाघ राजा, आणि राजाला कंटाळा आला की धावपळ प्रजेची होते. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर मोठे झालात की कळेल. तर प्रजेने धावपळ करून महाराजांसाठी परदेशातून गाडी मागवली. लांबलचक, काळी कुळकुळीत. आत गालिचा, थंड वारा, पाय पसरायला ऐसपैस जागा. सीट कसल्या कातड्याच्या होत्या, ते हरणांनी विचारलं नाही.

गाडी सहा पावसाळे झकास चालली. मग पुढच्या चाकांपाशी खालून आवाज यायला लागला. खड-टक. खड्डा आला की खड-टक, वळण आलं की खड-टक. आणि त्या जंगलात खड्डे आणि वळणं सोडली तर रस्ता असा फारसा नव्हताच.

महाराजांना खडखडीचं तसं काही नव्हतं. अडचण वेगळीच होती. मागच्या सीटवर त्यांच्या कानाशी सरकारी पोपट बसायचा. त्याचं काम प्रवासभर महाराजांची स्तुती करणं.

"महाराज म्हणजे साक्षात पराक्र..." खड-टक.

"महाराजांसारखा दया..." खड-टक.

एकही विशेषण धड कानावर पडेना. महाराज चिडले. त्यांनी शहरातून एक माकड बोलावलं. माकडाने गाडीला वायर लावली, संगणकात बघितलं आणि सांगितलं, "गाडीत बिघाड नाही. महाराजांनी कान तपासून घ्यावेत."

ते माकड पुढे कुठे गेलं ते मला विचारू नका. ही लहान मुलांची गोष्ट आहे.

शेवटी बोलावणं गेलं द्वारकाबाईला.

द्वारकाबाई म्हणजे घोरपड. ओढ्याकाठी बेहड्याच्या झाडाखाली तिचं गॅरेज होतं. गाडीच्या कामाला घोरपडीसारखं जनावर नाही, बरं का. तिला जॅक लागत नाही. ती आपली पोट जमिनीला टेकवते आणि सरळ गाडीखाली सरकते. त्यात द्वारकाबाईला एक खोड होती. कुठे काही सैल वाजलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसऱ्याची बैलगाडी कुरकुरत गेली तरी ही तेलाचा डबा घेऊन मागे धावायची.

पण सध्या तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. बेहड्याच्या मुळाशी तिने सात अंडी पुरली होती. घोरपडीची अंडी एकदा पुरली की हलवता येत नाहीत, हलवली की संपलं. आणि ज्या जागेवर ती होती, त्या जागेचा परवाना बाईकडे नव्हता. तीन वर्षांपूर्वी तिने प्रधानाच्या कचेरीत अर्ज केला होता. प्रधान होता कोल्हा. ती दर महिन्याला जायची आणि कोल्हा दर महिन्याला सांगायचा, "विचार चालू आहे." गेल्या आठवड्यात विचार संपला असावा, कारण नोटीस आली. पौर्णिमेपर्यंत जागा खाली करा.

पौर्णिमेला नऊ दिवस होते. आणि तशातच तिला राजवाड्यावर बोलावलं.

ती गाडीखाली गेली आणि तुम्ही नाक शिंकराल तेवढ्या वेळात बाहेर आली.

"महाराज, दोन रबरं गेलीत."

"म्हणजे काय?"

"गाडी वळताना एका बाजूला झुकू नये म्हणून खाली एक आडवा दांडा असतो. त्याला दोन ठिकाणी रबरं धरून ठेवतात. आम्ही त्यांना बुश म्हणतो. ते झिजले, दांडा सैल झाला, आता तो वाजतोय."

"एवढंच?" महाराजांचा चेहरा पडला. "एवढ्या मोठ्या गाडीला एवढासा आजार?"

"एवढासाच आहे, महाराज. नवीन बुश बसवले की गाडी गप्प बसेल."

महाराजांना ते जरा कमीपणाचं वाटलं. पण पोपटाचं गेल्या महिन्यापासून एकही वाक्य पुरं झालेलं नव्हतं. ते म्हणाले, "आवाज गेला, तर बेहड्याखालची जागा तुझी. कायमची."

द्वारकाबाईला इतका आनंद झाला की नमस्कार करायचाच राहिला. ती तशीच पाने-पकडी गोळा करायला पळाली.

ती गॅरेजात पोचते न पोचते तोच मागून प्रधान आला. इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"द्वारकाबाई, जरा सबुरीनं घ्या."

"म्हणजे कसं?"

"दुरुस्ती करा. पण आवाज जाऊ देऊ नका."

बाईला काही कळेना. मग कोल्ह्याने तिला समजावून सांगितलं. हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. हिलाच नव्हतं, कारण ही दिवसभर गाडीखाली असायची.

गोष्ट अशी होती. महाराजांची खडखड दोन टेकड्या आधी ऐकू यायची. ती ऐकली की शाळेतले बगळे मास्तर जागे व्हायचे आणि फळ्यावर पाढा लिहायचे. कोठारावरचा घूस हवालदार तोंड पुसून दारात उभा राहायचा. कचेरीत कोल्हा पत्ते उशीखाली सारून दौत ओढायचा. महाराज यायचे, खूश व्हायचे, जायचे. खड-टक दूर गेली की सगळे पुन्हा आडवे. सहा पावसाळ्यांनंतर कुठे ही घडी बसली होती.

"आणि तुम्ही ती दोन रबरांसाठी मोडणार," कोल्हा म्हणाला. "आवाज गेला, तर मी पौर्णिमेची वाट बघणार नाही. उद्याच माणसं घेऊन येईन."

माणसं म्हणजे रानडुकरं. जमीन उकरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

बघा आता पंचाईत. आवाज काढला तर कोल्हा उकरणार, नाही काढला तर नोटीस उभीच. द्वारकाबाई बराच वेळ बेहड्याखाली बसून राहिली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. मग तिने ठरवलं की राजाचा शब्द प्रधानाच्या धमकीपेक्षा मोठा असतो. तीही तुमच्याएवढीच भोळी होती.

तिने जुने बुश काढले. भेगाळलेले, आतून पार गुळगुळीत झालेले. तिने दांडा घासून पुसला, नवीन बुश बसवले, पट्ट्या आवळल्या. गाडी खड्ड्यातून नेऊन पाहिली. हूं नाही की चूं नाही. कित्येक दिवसांनी बाई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी महाराज फेरफटक्याला निघाले. पोपटाची पाच विशेषणं सलग झाली. महाराजांनी डोळे मिटून घेतले. गाडी शाळेपाशी पोचली तेव्हा त्यांनी ते उघडले.

बगळे मास्तर एका पायावर घोरत होते. वर्ग ओढ्यात डुंबत होता. कोठाराचं दार सताड उघडं होतं आणि हवालदार आत, ज्वारीच्या ढिगावर, पोट वर करून पडला होता. कचेरीत कोल्हा तरसाबरोबर पत्ते खेळत होता. हुकमाची राणी त्याच्या हातात होती आणि समोर साक्षात महाराज उभे.

"प्रधान," महाराज म्हणाले, "परवा मी आलो तेव्हा तू लिहीत होतास."

"होय, महाराज."

"मास्तर शिकवत होते. हवालदार उभा होता."

"होय, महाराज."

"मग दोन दिवसांत माझ्या राज्याला झालं काय?"

कोल्हा उगाच प्रधान झाला नव्हता. त्याने पत्ते खाली ठेवले आणि डोळ्यांत पाणी आणलं. "आम्हालाही तेच कळेना, महाराज. कालपर्यंत सगळं सुरळीत होतं. मधल्या वेळात कुठे काही बदललं असेल तर..."

महाराज विचारात पडले. बदललं काय होतं? दोन बुश.

गाडी तडक बेहड्याखाली आली. महाराज इतके संतापले होते की स्वतः चालत चार पावलं पुढे आले.

"जुनी रबरं परत बसव. सूर्य मावळायच्या आत. तुझ्या रबरांनी माझं राज्य बुडवलं."

"महाराज," द्वारकाबाई हात जोडून म्हणाली, "राज्य आधीपासून असंच आहे. तुमची गाडी वाजली की हे सगळे उठतात."

"म्हणजे प्रजा मला भिऊन काम करते?"

बाईने बेहड्याच्या मुळाकडे पाहिलं.

"ती माझ्यावरच्या प्रेमापोटी काम करते," महाराज म्हणाले. "आणि प्रेम काल कमी झालं, ते का झालं, ते तू निस्तर. नाहीतर आजच्या आज झाड सोड."

मागे रानडुकरं पाय आपटत उभी होती. द्वारकाबाईने डब्यातून ते भेगाळलेले बुश काढले आणि गाडीखाली सरकली. चांगला माल काढून तिथे टाकाऊ माल बसवायची तिच्यावर जन्मात पहिल्यांदा वेळ आली होती. तिला रडू आलं. बरं झालं ती गाडीखाली होती.

दुसऱ्या दिवशी खड-टक झाली आणि राज्य होतं तसं सुधारलं. मास्तर शिकवू लागले, हवालदार उभा राहिला, कोल्हा लिहू लागला. महाराजांना भरून आलं. त्यांनी दवंडी पिटवली की ही खडखड म्हणजे राज्याचं सौभाग्य आहे. जागेबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. आवाज गेला तर जागा, असं ठरलं होतं. आवाज होता.

पौर्णिमेला पाच दिवस उरले. आणि गॅरेजपुढे अस्वलरावांची गाडी येऊन थांबली.

अस्वलराव म्हणजे जंगलातले बडे ठेकेदार. ते खाली उतरले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, गाडी फार गुपचूप चालते हो. चारचौघांत लाज वाटते. महाराजांसारखी खडखड बसवून मिळेल का?"

द्वारकाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिने भंगाराच्या ढिगातून दोन झिजलेले बुश उचलले.

अस्वलरावांपाठोपाठ तरस आला. मग सांबरशेठ, मग कोल्ह्याची बायको. ज्याच्याकडे गाडी, तो रांगेत. दोन दिवसांत जंगलातली एकही गाडी मुकी राहिली नाही, आणि बघा काय झालं.

सकाळी खड-टक. बगळे मास्तर दचकून फळ्याकडे धावले. गेलं कोण? अस्वलराव. मास्तर बसतात न बसतात तोच पुन्हा खड-टक. सांबरशेठ. मग तरस, मग कुणाची तरी मेहुणी. महाराज कोणते हे ओळखावं कसं? दुपारपर्यंत मास्तरांनी बसायचा नाद सोडला. संध्याकाळी पोरांचे सोळापर्यंत पाढे पाठ होते आणि पोरं घरी जाऊन रडत होती. हवालदाराने उभ्या उभ्या ज्वारीची पोती मोजली, कारण दुसरं करायला काही नव्हतं.

कोल्ह्याचे हाल विचारू नका. खडखड आली की त्याला लिहावं लागे, आणि खडखड थांबतच नव्हती. पहिल्या दिवशी त्याने कागदावर कावळेच काढले. दुसऱ्या दिवशी खुद्द महाराज आत आले आणि कावळ्यांकडे बघून म्हणाले, "हे काय?" तेव्हापासून त्याला खऱ्या फायली उघडाव्या लागल्या. तो आजोबांच्या काळातले अर्ज निकालात काढू लागला. शेपटी झडली बिचाऱ्याची.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी द्वारकाबाईने अस्वलरावांना निरोप पाठवला, "खडखड नीट बसली का ते एकदा चालवून बघते." अस्वलरावांनी कौतुकाने गाडी दिली.

बाई गाडी घेऊन निघाली ती थेट कचेरीपाशी. कचेरीभोवती एक फेरी मारली. खड-टक. आत कोल्ह्याने फाईल ओढली, शिक्का मारला. दुसरी फेरी. दुसरी फाईल. बाईने घाई केली नाही. सात फेऱ्या झाल्या, अकरा झाल्या, खिडकीतून ढीग कमी होताना आणि तिचा तीन वर्षांपूर्वीचा अर्ज वर येताना दिसत होता. कोल्ह्याची मान खाली, वाचायला उसंत नाही, महाराज कधी दारात उभे राहतील सांगता येत नाही. चौदाव्या फेरीला बाईने गाडी मुद्दाम मोठ्या खड्ड्यात घातली. कोल्ह्याने पुढचा अर्ज न बघता समोर घेतला आणि जोरात शिक्का हाणला. मंजूर. बेहड्याखालची जागा, द्वारकाबाई घोरपड, कायमची.

बाईने गाडी बंद केली, कचेरीत गेली, कागद उचलला आणि म्हणाली, "येते, प्रधानजी."

कोल्ह्याने दाराबाहेर पाहिलं. महाराज नव्हते. उभी होती अस्वलरावांची गाडी. त्याने कागद हिसकायला हात पुढे केला, तेवढ्यात टेकडीपलीकडून पुन्हा खड-टक आली. तो मुकाट्याने खाली बसला आणि पुढची फाईल उघडली.

तात्पर्य : चांगलं काम करणाऱ्याला हाकलून देऊ नये. त्याच्याकडून आग्रहाने वाईट काम करून घ्यावं; राज्य सुधारल्याशिवाय राहत नाही. आणि मुलांनो, बाबांची गाडी वाजत असेल तर ती दुरुस्त करा असं त्यांना कधी सुचवू नका. अभ्यासाला कधी बसायचं, हे मग तुम्हाला कळायचं कसं?