पहिल्या नंबरावरची सुमती

"गिळलंय मेल्याक!" दुपारी दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून ही आरोळी आली की समजावं, भाई पेडणेकरांनी कुणाला तरी खाल्लं.

भाई म्हणजे काळाचौकीतल्या आमच्या चाळीतले शेजारी. वय सत्तर. चाळीस वर्षं एका कचेरीच्या कॅन्टीनात आचारी होते, आता मोबाइलवर अळी असतात. खेळ असा, की जगभरातल्या माणसांच्या अळ्या एका मैदानात सोडलेल्या. ठिपके खायचे, लांब व्हायचं. दुसऱ्याच्या अंगावर डोकं आपटलं की आपण फुटलो. आपले ठिपके होतात आणि बाकीच्या अळ्या ते खातात. झालं! एवढ्यासाठी हा माणूस रोज दोन तास गळा फाडतो.

गणपती मंडळाची मीटिंग त्यांच्या खोलीत होती. अध्यक्षांनी मूर्तीच्या उंचीचा विषय काढला, तर हे म्हणाले, "गप रवा, ब्राझीलवालो मागसून येता." अख्खं मंडळ ब्राझीलवाला मरेपर्यंत गप्प बसलं. एकदा तर "ये, खातलंय तुका!" ऐकून कुरिअरवाला माझं पाकीट उंबऱ्यावर टाकून जिना उतरला.

हसायचे मी, पण मनातून रागही यायचा. सुमतीवहिनी जाऊन तीन महिने झाले नव्हते हो! बायको गेली आणि हा बाबा अळ्या गिळतोय. परवा वाटी परत द्यायला गेले ती चांगलं सुनवायचं ठरवूनच.

भाई खिडकीशी बसले होते. शेजारी भाताचं ताट, वरचा भात वाळून कडक झालेला. पडद्यावर त्यांची अळी केवढी तरी लांब, कोपऱ्यातल्या यादीत पहिल्या नंबरावर. नाव लिहिलेलं, सुमती.

"अहो, पहिले आलात की!" मी राग विसरून ओरडले.

भाईंनी अळी वळवली आणि मुद्दाम दुसरीच्या अंगावर नेऊन आपटली. सुमती फुटली. मैदानभर ठिपके सांडले आणि चिमुकल्या अळ्या चारी बाजूंनी धावत आल्या.

"खावा रे, सावकाश खावा," भाई म्हणाले. आवाज एकदम मऊ.

"हातातलं घालवलंत! असं का केलंत?"

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "दहाव्याक कावळो शिवाक नाय, गो."

मला ठाऊक होतं. पिंडाजवळ भाईंनी सगळं मांडलं होतं. बांगड्याचं तिखलं, सोलकढी, चहा-खारीसुद्धा. कावळा कठड्यावर बसून नुसता बघत राहिला. कुणी म्हणालं, लेकीला सांभाळीन म्हणा. कुणी म्हणालं, गावचं घर नीट करीन म्हणा. भाई हात जोडून सगळं म्हणाले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

"कचेरीतल्या माणसाचा तोंड बघून मी सांगी, हेका च्या व्हयी, हेका उसळ. आणि हिका काय व्हया होता, ता माका कळला नाय. हय निदान कोण नको म्हणत नाय. तिच्या नावाचा सगळे खातत."

मला माझीच लाज वाटली. सुनवायचं राहिलं बाजूला. मी ताट उचललं, भात गरम केला, वर आमटी घातली, आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "आता गुपचूप जेवा बघू."

भाईंनी घास उचलला आणि हात तसाच थांबला.

"रोज माका वाढी ती," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत मी एकदाव तिका इचारलंय नाय, तू जेवलंस?"

बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. घास परत ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, सवय नसल्यासारखं, म्हणाले, "गो, तू जेवलंस?"

मी दीड वाजताच जेवले होते.

"नाही," म्हटलं, आणि दुसरं ताट घेतलं.