बर्फात ठेवलेली सुरंगी

“पुता, सुरंगी उन्हाची वाट बघते. तू उन्हाच्या आधी ऊठ.”

आई जाऊन कितीतरी पावसाळे झाले, पण पहाटे जाग आली की सांतानच्या उशाशी हा आवाज अजून यायचा. ती सुरंगीचे वळेसर ओवून मडगावच्या बाजारात विकायची. ऊब लागली की कळी उमलते, आणि उमलली की संध्याकाळपर्यंत तिचा जीव जातो, एवढं एक शास्त्र तिनं लेकाच्या गाठीला बांधून दिलं. लेक मात्र बोटीवर स्वयंपाकी झाला. पोरीचा बाप्तिस्मा, तिची शाळेतली बक्षिसं, सगळं त्याला समुद्रावर फोटोतून पोचलं.

आता त्याच पोरीचं, फ्लाव्हियाचं लग्न होतं. हॉल, बँड, केक, सगळं मायलेकींनी ठरवून टाकलं होतं. बापाला ती ‘पाय’ म्हणायची. नाताळात तिचा बोटीवर फोन आला. “पाय, फुलं तेवढी तुझ्याकडे. दुकानातली नकोत हं. त्या दिवसांत गावात जी फुलतात ती हवीत.”

बापाला आभाळ ठेंगणं झालं. तो ठरलेल्या सुट्टीच्या महिनाभर आधीच बॅग घेऊन दारात हजर.

“ह्यानं फुलं निवडायची!” कांदा चिरता चिरता त्याची बायको एर्मेलिंदा म्हणाली. “घरातली मिठाची बरणी सापडत नाही ह्याला.”

“सुरंगी आणतो बघ,” सांतान म्हणाला.

अडचण अशी, की सुरंगी ऐन भरात येते ती ईस्टरच्या आधीच्या उपासांत, आणि तेव्हा इगर्जीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, लग्नं लागत नाहीत. लग्नांना वाट मोकळी होते तोवर झाडंही मोकळी झालेली. सांतान मान वर करून गावभर हिंडला. शेवटी डोंगराच्या सावलीत एकच आळशी झाड सापडलं. ते म्हाताऱ्या बोस्त्यांवचं. त्याला उशिरा कळ्या धरत होत्या. मग काय, सांतान रोज पहाटे झाडाखाली.

“अरे सांताना,” बोस्त्यांव खिडकीतून ओरडला, “लग्नाआधी मी माझ्या बायकोलासुद्धा इतक्यांदा बघायला गेलो नव्हतो!”

लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आत कळ्या उतरल्या, आठाच्या आत माळा झाल्या. लग्न संध्याकाळी चारला. मधे अख्खा एप्रिलचा दिवस आ वासून बसलेला. सांताननं फ्रिजकडे नुसतं पाहिलं.

“हात लावलास तर याद राख!” एर्मेलिंदा गरजली. “आत बेबिंका आहे, सोरपोतेल आहे, विहिणीचं पुडिंग आहे!”

तेव्हा त्याच्यातला बोटीवरचा स्वयंपाकी जागा झाला. बर्फात काय टिकत नाही? आणि गावात बर्फ एकाच ठिकाणी, मासेवाल्या पिएदादच्या पेटीत.

“घे की,” पिएदाद म्हणाली. “पण सांगून ठेवते, ह्या पेटीत बांगडा माझ्या सासूच्या वेळेपासून राहतोय. तो पाहुणा नाही, घरचा आहे.”

सांताननं पेटी तीनदा साबणानं घासली, एकदा लिंबानं. ताजा बर्फ भरला, माळा केळीच्या पानांत गुंडाळून वर ठेवल्या, नाक लावून पाहिलं. कसलाच वास नाही. पण ज्या नाकानं उभा जन्म मासळी तळली, त्या नाकाची साक्ष कुणी मानावी?

चार वाजता इगर्जी अशी नटली, की विगार पाद्रीसुद्धा क्षणभर दारात थबकले. बाकाबाकाला मोत्यासारख्या मिटलेल्या माळा, नवरीच्या केसांत वळेसर. मग माणसं भरली, मेणबत्त्या पेटल्या, ऊब चढली, आणि मिस्साची प्रार्थना मध्यावर आली तेव्हा सगळी सुरंगी एकदम उमलली. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी सुखानं डोळे मिटून घेतले. आणि त्या सुगंधाचं बोट धरून, मागून, हळूच बांगडा आला.

पहिलं मांजर विगारांचंच होतं. त्यामागून चार बिनओळखीची. विहिणीनं रुमाल नाकाला लावला. नवरी शपथेला उठली, तसा एक बोका तिच्या झग्याच्या लांब घोळावर बसून मिरवत मिरवत वेदीपर्यंत गेला.

“आधी मांजर उतरवा,” विगार हसू दाबत म्हणाले, “मग ‘हो’ म्हणा. नाहीतर कुणाचं कुणाशी लागलं ते मला लिहिता यायचं नाही.”

इगर्जी हसली. सांतान तेवढा हसला नाही. लग्न लागल्याबरोबर तो मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. जन्मात लेकीचं एक काम हाती आलं, त्याचाही बांगडा केला!

थोड्या वेळानं पांढऱ्या झग्याचा घोळ सावरत फ्लाव्हिया आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

“झगा मळेल, बाये.”

“त्यावर बोका बसून गेलाय, पाय. आता काय मळायचं राहिलंय?”

“लिलीच आणायला हवी होती,” सांतान पायांकडे बघत म्हणाला. “मडगावला एक फोन केला असता की काम झालं असतं.”

“तेच तर!” फ्लाव्हियाचा आवाज जरा ओला झाला. “लिलीचा फोन तू बोटीवरून केला असतास, पैसे पाठवले असतेस, आणि आदल्या दिवशी पाहुण्यासारखा उतरला असतास. फुलांतलं मला काय कळतं, पाय? एवढंच कळत होतं, की गावच्या फुलांना माणूस गावातच लागतो. रोज पहाटे तू दार उघडून जायचास ना, तो आवाज ऐकायला मी महिनाभर तुझ्या आधी जागी होत होते.”