दोन रिकामे रकाने

शब्द पाठ करायचे नसतात, त्यांचं निरीक्षण करायचं असतं, असं तीन भावंडांतल्या मधलीनं घरात जाहीर केलं, तेव्हा ताईनं टीव्हीचा आवाज वाढवला. मधली संतापली. रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीचं तिच्याच घरात कोणी ऐकू नये, म्हणजे काय?

सोमवारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या साहाय्यकपदाची परीक्षा होती. रसायनांची तिला धास्ती नव्हती. पण एक अख्खा पेपर गुन्हे आणि कोर्टकचेरीतल्या इंग्रजी शब्दांचा होता. चाळीस शब्द. रात्री घोकावेत, सकाळी पाटी कोरी. म्हणून तिनं प्रयोगवहीसारखे रकाने आखले : शब्द, नमुना, दिनांक, वेळ. नमुन्यांना राहती इमारत पुरेशी निघाली.

‘अ‍ॅलिबाय, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडेच असल्याचा दावा : ताई. चार्जर गेला तेव्हा आपण आंघोळीला होतो म्हणते. टॉवेल कोरडा.’

‘रेसिडिव्हिस्ट, म्हणजे पुन्हा पुन्हा तोच गुन्हा करणारा : तळमजल्यावरचे काका. समज देऊनही जिन्यासमोर स्कूटर, चौथ्यांदा.’

‘होस्टाइल विटनेस : बाबा. माझ्यासमोर हो म्हणाले, आईसमोर फिरले.’

सगळ्यात सविस्तर नोंद पाण्याची होती. रोज सकाळी सातला गच्चीवरचा व्हॉल्व्ह कोणीतरी फिरवायचं आणि वरचे दोन मजले तोंडाला साबण लावून उभे राहायचे. ‘प्रिन्सिपल ऑफेंडर, म्हणजे मुख्य आरोपी : वॉचमन. अकम्प्लिस, म्हणजे नुसता साथीदार : सोसायटीचे सेक्रेटरी.’

अडतीस शब्द झाले. कन्फेशन आणि फोर्जरी, म्हणजे कबुलीजबाब आणि बनावट कागद, एवढे दोनच रकाने रिकामे राहिले. या इमारतीत कोणी काही कबूल करेल, हे तिला शक्यच वाटत नव्हतं.

शनिवारी तिनं ती पानं झेरॉक्सवाल्याकडे टाकली. एकच प्रत हवी होती. त्याच सकाळी सेक्रेटरींनी रविवारच्या सभेची नोटीसही तिथंच टाकली. चोवीस प्रती. संध्याकाळपर्यंत इमारतीच्या चोवीस दारांत नोटीस पोचली, आणि तिच्या पाठीला मधलीची वही.

मधली तरातरा दुकानात गेली.

“दोन्ही कागदांवर एकाच इमारतीचं नाव,” झेरॉक्सवाला म्हणाला. “मी म्हटलं एकत्रच असणार. पिनाही दोन-दोन मारल्यात बघा. सुटणार नाहीत.”

खरी पंचाईत वेगळीच होती. परीक्षेला चारित्र्याचा दाखला न्यायचा होता. दाखला नाही, तर प्रवेश नाही. त्यावर सही हवी होती सेक्रेटरींची. ती अर्ज घेऊन गेली, तेव्हा ते दारातच वही वाचत उभे होते.

“दाखल्यावर साथीदाराची सही चालते का?” त्यांनी विचारलं.

“काका, तो अभ्यास होता.”

“उद्या सभेत बघू तुझा अभ्यास.”

रविवारी सहा वाजता पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. मधली माफीचे चार शब्द तयार करून गेली होती, पण कोणी बोलू देईल तर शपथ.

“चौथ्यांदा?” तळमजल्यावरचे काका उठले. “सहाव्यांदा. लिहायचं तर नीट मोजून लिहावं माणसानं.”

“माझं नाव कुठंच नाही,” तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या. “अकरा वर्षं राहतेय मी इथं. माझ्यात काहीच दिसलं नाही हिला?”

मधलीला या लोकांचा भयंकर राग आला. निरीक्षणाच्या पद्धतीबद्दल एकानं चकार शब्द काढला नाही.

मग वॉचमन पुढे आला. “साहेब, मी मुख्य आरोपी कसा? गच्चीच्या किल्लीला माझा हात लागलेला नाही कधी.”

“तेच तर म्हणतोय मी,” सेक्रेटरी ताडकन उठले. “किल्ली माझ्या खिशात असते. आणि मी याचा साथीदार? या इमारतीत माझ्या हुकमाशिवाय एक चाक फिरत नाही. सहा महिने तो व्हॉल्व्ह मी स्वतःच्या हातानं बंद करतोय. आमच्या बाथरूममध्ये पाण्याला जोर येत नाही म्हणून.”

वरच्या दोन मजल्यांच्या खुर्च्या एकदम मागे सरकल्या.

“मावशी, किती वाजले?” मधलीनं वही उघडत हळूच विचारलं.

“सहा दहा.”

सहा वीसला सेक्रेटरी पदावरून उतरले. सहा पंचवीसला मधलीचे बाबा एकमतानं निवडून आले, कारण ते आपल्याच बाजूचे आहेत, असं प्रत्येकाला वाटत होतं. मधलीनंही हात वर केला आणि दाखला घेऊन धावली.

बाबांनी चष्मा लावून शेवटची ओळ वाचली. “सही करणारा अर्जदाराचा नातेवाईक नसावा.”

“मग निवडून कशाला आलात?”

“तूच हात वर केलास.”

पहिल्या मजल्यावरचं दार तिसऱ्या बेलला उघडलं. माजी सेक्रेटरींनी तिला आत घेतलं नाही, हात पुढे करून म्हणाले, “आधी वही.”

मधलीनं ‘साथीदार’ खोडून तिथं ‘मुख्य आरोपी’ लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग आतून शिक्का आणला. तो अजून त्यांच्याकडेच होता.

“कालची तारीख टाकतो. काल मी सेक्रेटरी होतो.”

मधलीनं तोंड उघडलं, आणि परीक्षा आठवून मिटलं.

घरी ताईनं विचारलं, “झाले का चाळीस?”

“एकोणचाळीस.”

टेबलावर दाखला वाळत होता : अर्जदार अत्यंत प्रामाणिक असून सत्यनिष्ठ आहे. मधलीनं पेन्सिलीला टोक केलं, फोर्जरीपुढच्या रकान्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘नमुना आढळला नाही.’