मक्यातले आजोबा

"डोळे बांधून मला या मक्यात कुठेही सोडा," आजोबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "दोन मिनिटांत घराच्या पायरीवर हजर होतो की नाही बघा!" आणि मग हळूच विचारायचे, "घर कुठल्या बाजूला म्हणालात?"

पाहुण्यांना हसवणं हा आजोबांचा धंदा आणि शेती हा जोडधंदा. (आजीला विचाराल तर शेती तीच करायची. आजोबा बांधावर उभे राहून बोलायचे.)

हे पाहुण्यांचं प्रकरण सुरू झालं ते एका वासरामुळे. वीस वर्षांपूर्वी रस्त्यावर एक गाडी थांबली. गाडीतल्या काकांना घाईची लागली होती. काका मोकळे होऊन येईपर्यंत बाकीची मंडळी गोठ्यात डोकावली. आजी वासराला बाटलीने दूध पाजत होती. आजोबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गाणं म्हटल्याशिवाय पीत नाही हो ते." झालं! अख्खं कुटुंब गोठ्यात उभं राहून गायलं. वासरू घाबरून आईच्या पोटाखाली शिरलं, पण मंडळी खूश. पुढच्या रविवारी तीन गाड्या आल्या, घरून तालीम करून.

मग बसायला बाक आले. बाकांमागून चहा आला, आणि चहामागून अर्थातच संडास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या पडल्या. सून घरात आली तशी फाटकावर पाटी लागली, आणि पुढच्याच वर्षी मक्यात भुलभुलैया झाला. उभ्या मक्यातून आजोबांनी विळ्याने वाटा कापल्या आणि मधेमधे वाळल्या गवताचे भारे रचून काही वाटा बंद केल्या. दर शनिवारी ते भारे इकडचे तिकडे करायचे, म्हणजे मागच्या रविवारी सुटलेला माणूस या रविवारी पुन्हा अडकलाच पाहिजे.

आता राहिल्या होत्या मुक्कामाच्या खोल्या. चार खोल्या बांधून, रंगवून तयार होत्या. अडलं होतं फक्त परवानगीचं. मुलगा लांब एका कारखान्यात नोकरीला. खोल्या सुरू झाल्या की त्याने नोकरी सोडून कायमचं घरी यायचं, असं ठरलेलं. सून कॅलेंडरवरचे दिवस खोडून खोडून कागदाला भोकं पाडत होती.

मागच्या वर्षी तपासणीला एक साहेब येऊन गेले होते. त्यांनी विचारलं, "एका खोलीत किती माणसं झोपतील?" सून उत्तर देणार तोच आजोबा म्हणाले, "तशी तीन. पण मागच्या वेळचा तिसरा अजून विहिरीतून वर आलेला नाही." अर्ज परत आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'विहिरीची चौकशी व्हावी.'

म्हणून यंदा तपासणीच्या आदल्या दिवशी सुनेने हात जोडले.

"बाबा, उद्या तुम्ही एक शब्दसुद्धा बोलायचा नाही."

"नाही बोलणार."

"समोरसुद्धा यायचं नाही."

"नाही येणार."

"शपथ घ्या."

"तुझ्या सासूची शपथ."

"माझी कशाला?" आतून आजी ओरडली. "स्वतःची घ्या! म्हणजे मोडताना जरा विचार कराल."

आजोबा शपथेचे पक्के. समोर यायचं नाही म्हणजे नाही; पण बुजगावणं होऊन मक्याच्या मधोमध उभं राहायला कोणी मनाई केली होती? तपासणीला येणाऱ्या बाई जवळून जाताना फक्त टोपी उचलायची. बोलायचं नाही. (याला आजोबा शिस्त म्हणायचे.) सकाळी चहा पितानाच त्यांना हसू फुटत होतं. त्या भरात आजीच्या केसांत अडकलेली गवताची काडी त्यांना दिसली, पण विचारायचं राहून गेलं.

फाटका कोट चढवून ते मक्यात शिरले. पहिलं वळण डावीकडे. तिथे भारा! बरं, उजवीकडे. तिथेही भारा. मागे फिरले तर जिथून आले ती वाटच ओळखू येईना. डोक्यावर दोन हात मका, बाहेरचं काही दिसेना. अर्ध्या तासात ते एकाच मोडलेल्या कणसापाशी सहा वेळा आले. सातव्या वेळी त्यांनी त्या कणसाला टोपी उचलून नमस्कार केला.

इकडे तपासणीच्या बाई खोल्या, नळ, संडास सगळं पाहून बाकावर चहाला बसल्या. विहिरीवरची जाळीसुद्धा त्यांनी हलवून पाहिली.

"सासरे दिसत नाहीत तुमचे?"

"परगावी गेलेत," सून म्हणाली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. आणि मक्यातून आवाज आला, "अगंऽऽ! मी हरवलो नाहीये! फक्त मला बाहेर काढा!"

पेन थांबलं. सुनेला कारखाना दिसला, कॅलेंडर दिसलं, आणि पुढचं एक अख्खं वर्ष दिसलं.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

आजी शांतपणे कपबशा गोळा करत म्हणाली, "तो आमचा खेळ आहे हो. 'आजोबा शोधा'. पाहुण्यांनी मक्यात शिरायचं आणि आजोबा हुडकून आणायचे. परगावी गेले म्हणायचं, तेही खेळातलंच."

"अय्या!" बाई उठल्याच. चप्पल सावरून, कागद काखेत मारून मक्यात शिरल्या. वाटेबिटेच्या भानगडीत न पडता आवाजाच्या रोखाने सरळ भारे ओलांडत गेल्या आणि पाच मिनिटांत आजोबांना कोटाच्या बाहीला धरून बाहेर घेऊन आल्या. आजोबांना आता शपथ आठवली होती. ते तोंड घट्ट मिटून उभे.

"किती छान अभिनय!" बाई म्हणाल्या. "डोळ्यांत पाणीसुद्धा आणलंत!"

परवानगी मिळाली. खाली एक अट होती: अर्जात आणि तपासणीत दाखवलेले सर्व खेळ नियमित चालू ठेवावेत. यादीत शेवटचा खेळ होता 'आजोबा शोधा, दर रविवारी'.

महिन्याभरात मुलगा ट्रंक घेऊन घरी आला. सुनेने कॅलेंडर खिळ्यावरून काढून गोठ्यात नेलं आणि गायीला खाऊ घातलं. आणि आजोबा दर रविवारी कोट घालून मक्यात जाऊन बसू लागले. पावसात छत्री घेऊन, उन्हात पाण्याचा तांब्या घेऊन.

एका रविवारी जोडे काढता काढता ते पायरीवर आजीला म्हणाले, "अगं, पण मला एक कळत नाही. मका मी पेरला, वाटा मी कापल्या, शनिवारी भारे मी रचले. मग त्या दिवशी मी हरवलो कसा?"

"पहाटे उठून चौदा भारे एकटीने हलवले मी," आजी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "कंबर अजून धरलेली आहे. तेव्हा इथून पुढे तेवढं आपलं आपण हरवत जा."