मानवी अंश

विभागात सहा संगणक होते. तीन सुरू होत, दोन सुरू होऊन बंद पडत आणि सहावा उद्घाटनाचा, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे. याच सहाव्यात विद्यापीठाने मानवीपणा तपासणारी कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली. ज्ञान माणसानेच निर्माण करावं, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. माणूस कोण, ते यंत्र ठरवणार होतं, एवढंच.

‘पाणीवाली’चा (संशोधनासाठी विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायची म्हणून हे नाव) प्रबंध यंत्राने परत केला. मानवी अंश अकरा टक्के, पात्रता साठची. महिनाअखेर पदवी मिळाली नाही, तर हाती आलेली नोकरी जाणार होती.

यंत्राला दोष देता येत नाही. ते परदेशात शिकलेलं. इकडचा विद्यार्थी नीटनेटकं लिहू शकतो, ही शक्यता त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हती. (यंत्राकडूनच लिहून घेतलेले सतरा प्रबंध बिनबोभाट पास झाले. मुलांनी त्याला ‘जरा गचाळ लिही’ असं बजावलं होतं.)

“अगं, थोडं बिघडव,” मार्गदर्शक सर मायेने म्हणाले.

तिने वाक्यं लंगडी केली, परिच्छेदांची सरमिसळ केली. चोपन्न टक्के.

“लहानपणी नीट लिही म्हणून तुला बदडलं, ते फुकटच गेलं की गं!” घरी तिचा मामा हळहळला.

“आता तक्ता,” सर म्हणाले. “आकडे फार शिस्तीत आहेत. माणसाचा हात कुठेतरी घसरतोच. चार-पाच दशांशचिन्हं सरकव डावीकडे.”

“सर, ते आर्सेनिकचे आकडे आहेत. विषारी विहिरी पिण्यालायक दिसतील.”

“दिसू देत. प्रबंध वाचतं कोण? मी तुझा मार्गदर्शक. मी तरी वाचलाय का?”

युक्तिवाद बिनतोड होता. तिने पाच चिन्हं सरकवली आणि पदवी मिळवली.

पण पाणीपुरवठा खात्याने तो प्रबंध मागवून चक्क वाचला (विद्यापीठाच्या इतिहासात असं प्रथमच घडलं). कळताच ती मूळ तक्ता घेऊन खात्यात धावली. साहेबांनी नियमानुसार तो आधी विद्यापीठाच्या यंत्राला दाखवला.

“बाई, हा तर बनावट! आणि आम्हाला पाणी पाजायला निघालात?”

पाचही विहिरी जलवाहिनीला जोडल्या गेल्या. आपल्या नळाला सध्या येतं ते पाणी रीतसर तपासलेलं आहे. मानवी अंश : एक्क्याण्णव टक्के.