मनोहररावांची तिसऱ्या पिढीची गाडी

मनोहरराव पिंपळखुटे माणसाचं वय विचारत नाहीत, मॉडेल ठरवतात. आमचा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा चहाचा कप खाली ठेवून ते मला म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या पिढीतला दिसते. बॉडी चांगली, पण पिकअप नाही." त्यांना वाटलं, हळू आवाजात बोललो. समोरच्या शुक्लाजींनी केस काळे केले, तर यांनी भर गल्लीत जाहीर करून टाकलं, "फेसलिफ्ट! इंजिन तेच जुनं!" शुक्लाजी अजून आमच्या बाजूला बघत नाहीत.

हे सगळं ज्ञान त्यांना एका गाडीपासून झालं. तात्यापारा मोहल्ल्यात आमच्या शेजारी त्यांचं घर, आणि घरासमोर एक बुटकी, लाल, दोनच दारांची गाडी. असल्या गाडीला स्पोर्टी म्हणतात. मालक मात्र सिलताऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेले गृहस्थ. गाडीत शिरताना आधी डोकं, मग कंबर, मग एकेक पाय हाताने उचलून आत. उतरायला शेजारी लागतात. आम्ही मागच्या सीटवर बसलो तर आमचे गुडघे आमच्याच हनुवटीला टेकतात, पण तक्रार केली की ते म्हणणार, "स्पोर्टी गाडी आहे जी, पलंग नाही."

गाडीच्या घराण्याचा इतिहास ते कुणालाही ऐकवतात. तेराव्याच्या जेवणातसुद्धा त्यांनी तो मला ऐकवला आहे, आणि वाढपी बुंदी घेऊन थांबला तर त्यालाही. पहिली पिढी हलकी आणि भोळी. गोल दिवे, सरळ स्वभाव, कोणताही मेकॅनिक उघडून बघू शके. दुसऱ्या पिढीत कंपनीला अवदसा आठवली, वजन वाढवलं आणि गिअरबॉक्स कुचका दिला. तिसरी पिढी, म्हणजे यांची, सर्वगुणसंपन्न. चौथीत सगळा कारभार स्क्रीनवर. "स्क्रीन गेली की एसी गेला, एसी गेला की बायको गेली माहेरी," हे वाक्य झालं की ते स्वतःच हसतात. पाचवी पिढी निघालीच नाही, कंपनीने मॉडेलच बंद केलं. ते सांगताना मात्र त्यांचा चेहरा सुतकात बसल्यासारखा होतो.

आता सर्वगुणसंपन्न गाडी रस्त्यात थांबायला नको. ही थांबते. पण ती बंद पडते असं म्हणायची सोय नाही. एकदा बूढ़ापाऱ्याजवळ भर दुपारी थांबली, मी विचारलं, "बंद पडली का हो?" तर भडकलेच. "बंद काहून पडन? सेन्सर इमानदार आहे तिचा. खराब पेट्रोल दिसलं की घेत नाही." कधी ती 'विचार करून राहिली' असते, कधी 'श्वास घेऊन राहिली'. आणि काहीच सुचलं नाही की सिलताऱ्याची काळी धूळ आहेच. ज्या कारखान्याने जन्मभर पगार दिला, त्याच्याच धुराड्याला हा माणूस एअर फिल्टरपायी शिव्या देतो. दसऱ्याला सगळी गल्ली गाड्यांच्या चाकाखाली लिंबू ठेवते, हे ठेवत नाहीत. "दृष्ट कमजोर गाडीले लागते. हिले कोण लावते?" गेल्या वर्षी त्याच संध्याकाळी आम्ही चौघांनी ती ढकलत घरी आणली होती, आणि हे आत बसून आम्हाला वेग वाढवायला सांगत होते.

यंदा दसऱ्याला त्यांची मुलगी रश्मी आली. ती बेंगळुरूला नोकरी करते. आई गेल्यापासून दसऱ्याचे दोन दिवस येते आणि त्यातला दीड दिवस लॅपटॉपसमोर बसते. मनोहरराव मराठीत बोलतात, ती हिंदीत उत्तर देते. या वेळी तिने आल्याआल्याच विषय काढला. "पापा, बेच दो इसे. किसी दिन बीच सड़क पर फँस जाओगे." दोन दिवस बापलेकीत दुसरं बोलणं नाही. शेवटी आमच्या ओसरीवर, मला साक्षीला बसवून, सौदा ठरला. "मेरे सामने एक बार भी बंद हुई तो बेच दूँगी. मंज़ूर?" मनोहरराव छाती काढून म्हणाले, "हव, मंजूर. तू रडशीन पण ही नाही थांबणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी रश्मीची परतीची रेल्वे होती. मला सदर बाजारात सोनाराकडे जायचं होतं. मनोहरराव म्हणाले, "चला वहिनी, पहिले तुम्हाले सोडून देतो." स्टेशनचा रस्ता वेगळा आणि सदर बाजाराचा वेगळा. हे मला कळतं, रश्मीलाही कळत असणार, पण ती फोनवर ऑफिसशी बोलत होती. मला वाटलं, फुकटची सवारी मिळते आहे, आपण कशाला बोला.

लाल गाडी त्या दिवशी अशी पळत होती की मीच मनात म्हटलं, मेली नेमकी आजच बरी शहाण्यासारखी वागते आहे. सदर बाजारात शिरलो. पुढे स्कूटर, मागे स्कूटर, बाजूला एक गाय. मी मागे मधोमध बसले होते, म्हणून मला स्वच्छ दिसलं. मनोहररावांनी स्वतःच्या हाताने चावी मागे फिरवली.

इंजिन गप्प झालं. मग ते चावी पुन्हा पुढे फिरवायला लागले, पण अर्धवटच. इंजिन सुरू होईल इतकी पुढे जाऊच देत नव्हते.

"क्या हुआ?" रश्मीने फोन खाली घेतला.

मी वाट बघत होते, आता सेन्सर येणार, धूळ येणार. मनोहरराव समोर बघत म्हणाले, "बंद पडली."

"मैं ऑटो कर लेती हूँ. सामान निकालो."

"डिक्की अडकली, बेटा."

मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. रश्मीने घड्याळ पाहिलं, कपाळावर हात मारला. "पापा, शर्त याद है ना?"

"याद आहे. टाक विकून. भरोसा नाही राहिला हिचा." आणि मग घसा साफ करून, "उद्याचं तिकीट पाह्य तू."

जन्मभर या गाडीविरुद्ध एक शब्द न ऐकून घेतलेला माणूस, लेक एक दिवस राहावी म्हणून त्याच गाडीचा बळी देत होता. तोंडात आलेला टोमणा मी गिळला.

रश्मी बोटांनी फोनवर तिकीट शोधत होती. मनोहरराव आरशातून माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत नुसती विनवणी.

"पुढची सीट वाकव ग रश्मी, मला उतरू दे," मी म्हटलं. मग खाली उतरले, पदर कमरेला खोचला, आणि भर सदर बाजारात त्या धडधाकट गाडीला मागून जोर लावून ढकलायला लागले.