करंजाच्या तेलातला मोर

मला ही गोष्ट लिहायची नव्हती. गावचे मास्तर तीन दिवस कोरी वही घेऊन ओट्यावर येऊन बसतात आणि चहा पितात, म्हणून लिहितो. दुसरीत दोन वर्षं बसून उठलेला माणूस मी. माझ्याकडून गोष्ट मागायची म्हणजे रेड्याचं दूध काढायचं. पण महिपतच्या मोराची गोष्ट टोकावड्यापासून मुरबाडपर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि प्रत्येकाला चुकीची ठाऊक आहे. तिच्यात मी, म्हणजे धाऊ, परक्या बायकांचे हात धरणारा माणूस आहे. एकदाचं खरं सांगून टाकतो, म्हणजे चहा तरी वाचेल.

महिपत माझा शेजारी. लढाईच्या दिवसांत त्याच्या कमळचं लग्न शहापूरच्या जयरामच्या मुलाशी ठरलं. जयराम कचेरीत पट्टेवाला. महिपत बोलणी करायला गेला, तर व्याह्याच्या ओटीवर ऑइलपेंटचा मोर. हिरवागार, चकचकीत. महिपतने मोराकडे बघितलं, मोराने महिपतकडे बघितलं, आणि महिपतच्या तोंडून निघून गेलं, "आमी पन लग्नाला असाच काढतोय. ह्याच्याहून मोठा!"

झालं. माणसाने चहा पिताना तोंड चहापुरतंच उघडावं.

आमच्यात लग्नघरची भिंत सवाशिणी रंगवतात. गेरूचा हात द्यायचा, वर तांदळाच्या पिठाची नक्षी काढायची. पुरुषाने त्यात बोट घालायचं नाही. गिरजाने, म्हणजे महिपतच्या बायकोने, पाच जणींना सांगूनही ठेवलं होतं. हा शहापूरच्या बाजारातून डबा घेऊन आला.

"ह्यो काय?"

"मोर."

"डब्यात?"

"डब्यात रंग हाय. मोर माझ्या डोक्यात हाय."

"मंग तितंच ऱ्हाऊ दे. लग्नाच्या भिंतीला बापयाचा हात लागत नाय."

पण व्याह्याला शब्द गेला होता. दुकानदाराने बजावलं होतं, रंग घट्ट आहे, टरपिन नाहीतर रॉकेल घालून पातळ कर. टरपिन म्हणजे काय ते महिपतला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं, घरात एकच बाटली होती. ती गिरजाने मांडवातल्या गॅसबत्तीसाठी भाताच्या कणगीत दडवलेली, मागायची सोय नव्हती. महिपतने विचार केला : रॉकेल दिव्यात जळतं, करंजाचं तेलही दिव्यात जळतं. म्हणजे दोघं भाऊ. ओतलं तांब्याभर!

(हसू नका. असा विचार करणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्या घरात तो मी आहे.)

बांबूची काडी चावून त्याने कुंचला केला आणि मोर काढला. बैलाएवढा. मान जरा बगळ्याची आली होती, पण पिसारा झकास. लग्नाला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी त्याने बोट लावलं. बोट हिरवं. तिसऱ्या दिवशी लावलं, हिरवं. चौथ्या दिवशी समोर शेगडी पेटवून सुपाने वारा घातला, तर मोराला घाम फुटल्यासारखं तेल सुटलं. पाचव्या दिवशी त्याने चुलीतली राख उधळली. राख बसली ती निघेना. मोर पार गोसावी झाला. मग त्याच्यावर पुन्हा रंग, म्हणजे पुन्हा तेल.

"पुसून टाका," गिरजा म्हणाली. "शेनाचा हात मारते नि बायांना बलावते."

"जयराम आल्या आल्या मोर इचारंल. काय सांगू, उडाला?"

सहाव्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, महिपत माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं, दहाही बोटं हिरवी.

"धाऊ, तू निसता मोराम्होरं बस. कोनाला टेकू देऊ नको."

"ओला हाय म्हनून सांगतो."

"तेच नाय सांगायचं! व्याही बोलंल, ह्यांना रंग लावता येत नाय नि बाता मारतात. तुला माझी आन हाय."

बसलो. आण घातल्यावर काय करता? वैशाखाचं ऊन तापलेलं, मांडवात माणसं मावेनात, आणि सावली नेमकी त्या भिंतीला. जो येई तो टेकायला बघे. मी सांगायचो, इथं विंचू निघाला. माणसं लांब व्हायची. एकाने तर दगड उचलून अर्धा तास विंचू शोधला. आत कमळ हळद लावून बसलेली, आणि तिचं नशीब माझ्या पाठीमागे चिकचिक करत होतं.

वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. मुरबाडला मुक्काम करून आलेली माणसं, अंग आंबलेलं. जयरामने लांबूनच मोर बघितला आणि मान डोलावली. महिपतला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात जयरामची थोरली बहीण धोंडीबाई, नवऱ्यामुलाची आत्या, कंबर धरत सरळ भिंतीकडे निघाली. अंगावर कोरं पिवळं लुगडं.

"आत्याबाई, इथं नको. इंचू हाय."

"इंचू? सासरी चार नंदा होत्या मला. इंचवाला कोन भितो? सरक."

"तितं बसा ना, घोंगडी टाकलीय."

"मला पाठ टेकायचीय रं! घोंगडी काय उभी ऱ्हाते?"

आणि ती पाठ टेकायला लागली. लुगडं आणि मोर यांच्यात चार बोटं उरली. आता सांगा, मी काय करायचं? तोंडाला आणेचं कुलूप. मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

धोंडीबाईने अशी किंकाळी फोडली की वाजंत्र्याची सनई थांबली.

"हात धरला! भर मांडवात माझा हात धरला मेल्यानं!"

पन्नास माणसं गोळा झाली. जयराम लाल झाला. "का रं, का धरलास?"

मी महिपतकडे बघितलं. महिपतने मांडवाच्या आढ्याकडे बघितलं.

त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, ते त्याने मला पुढे स्वतः सांगितलं. बोललो तर मोर गेला आणि शहापूरभर हसं. नाही बोललो तर धाऊचं नाव जाईल. पण धाऊला ना पोरगी उजवायची, ना पोरगा. त्याचं नाव राहिलं काय, गेलं काय! (मैतर म्हणे.)

आणि ह्याच वेळी बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "मला ठावं व्हतं. त्याची नजर पयल्यापास्नं तशीच हाय!"

मग काय राहिलं? जयराम ओरडला, "बैलं जुंपा! जितं आमच्या बायांचा मान नाय तितं सोयरीक नाय!"

खरंच जुंपायला लागले. पहिल्या गाडीच्या बैलाच्या मानेवर जू चढलं. आतून कमळ मोठ्याने रडली नाही, नुसती एकदा "बाबा" म्हणाली. हळद लागलेली मुलगी परत गेल्यावर तिचं काय होतं, ते मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं. महिपतला जास्त.

तो उठला. सरळ भिंतीकडे गेला, मोराच्या पोटावर दोन्ही तळवे थाडकन मारले, आणि हात वर करून वळला. मनगटापर्यंत हिरवा.

"वल्ला हाय!" तो ओरडला. "सा दिस झाले, वल्ला हाय! वाळतच नाय! धाऊनं तुमचं लुगडं वाचवलं, आत्याबाई. मी गप ऱ्हायलो. मला हाना!"

धोंडीबाई पुढे झाली, महिपतचा हात नाकाशी नेला.

"करंजाचं तेल?"

"व्हय."

"अरे मुडद्या, त्ये म्हशीच्या खरजेला लावतात! त्ये म्हशीवरसुदिक वाळत नाय!"

आधी ती हसली. मग जयराम, मग बैल जुंपणारे. जू उतरलं. लग्न लागलं. महिपतच्या हातांचा रंग काही निघाला नाही. त्याने जावयाचे पाय धुतले तेव्हा जावयाचे पाय हिरवे झाले, आणि ते पोरगं तसेच पाय घेऊन शहापूरला गेलं.

पंगतीत धोंडीबाईने स्वतः माझ्या पानात लाडू वाढला. म्हणाली, "भाऊ, चुकले मी. पन पुढल्या खेपेला एवढा घट्ट नको धरू." जयरामने सगळ्यांसमोर हात जोडले. महिपत तर पाया पडला, आणि माझं धोतर हिरवं करून गेला. म्हणजे ज्यांनी ज्यांनी माझं नाव घालवलं, त्यांनी ते परत आणून दिलं.

एक सोडून. नजरेचं जी बोलली, ती अजून म्हणते, मी काय खोटं बोलले? तिसाच्या वर वर्षं झाली, मी रोज तिच्याच हातची भाकरी खातो आणि वाट बघतो. आत्ताही मास्तरांना चहा देताना मला वगळून गेली. नाव लिहून ठेवतो मास्तर, शाईने : माझी बायको, सकुबाई.